कूलरच्या पंपाबद्दल

ती. शालिनीकाकू,

नमस्कार मागाहून घालतो, आधी हे की तो पंप मी चोरला नव्हता. चोरीचा माल कोणी भरदुपारी, घरात पाहुणे यायच्या वेळी, समोरच्या दाराने नेतं का? दोन वर्षं तुम्ही माझा फोन कापता, म्हणून कागदावर लिहितो आहे. (कागद फाडायचा तरी हातात घ्यावा लागतो.) काकांचे गुडघे कसे आहेत? आपल्या खासगी बाजार मोहल्ल्यात नळ रोज येतो का? मी इथे कोइंबतूरला ठीक आहे. भात खातो, पोळीची स्वप्नं बघतो.

इथल्या गॅरेजात छोट्या स्पोर्ट्स गाडीत मोठं इंजिन बसवतात. मोठ्या इंजिनाचा पाण्याचा पंप नाकासारखा पुढे येतो आणि रेडिएटरला ठोकतो. मग तो काढून विजेवरचा लावायचा. तो इंजिनाला चिकटूनच हवा असं नाही. दूर कुठल्या कोपऱ्यात बसवा, तिथून पाणी फिरवत राहतो. आणि इंजिन बंद केलं तरी आतली गरमी उतरेपर्यंत गुणगुणत असतो. सगळे चहाला जातात, मी बोनेटला कान लावून उभा. पाणी तापून जातं, निवून परत येतं, पुन्हा जातं. ऐकता ऐकता मी पण आपल्या गल्लीतून निघून किल्ल्याला एक फेरी मारून येतो. (मालक म्हणतो, याचा पगार कापा.)

तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, मी तिकडे असताना, माझा दोस्त अंशुल याच्या गाडीला असाच पंप हवा होता. खरा महाग, आणि तुमच्या कूलरमध्ये एक नुसता गवतावर पाणी टाकत बसलेला. आठवी नापास माणसाला पंप म्हणजे पंप. नई सडकेपर्यंत गाडी, कसम से, मस्त चालली. पुढून कूलरच्या गवताचा, खसचा वास येत होता. डोळे मिटले तर वाटावं आपली बैठकच हवा खायला निघाली आहे. मग पंपाचं प्लास्टिक वितळलं. गार पाण्यात वाढलेला तो, उकळतं त्याला कुठून झेपणार? बांगड्यांच्या दुकानापुढे एवढी वाफ निघाली की एक ताई मोमो कितीला म्हणून विचारून गेल्या. आणि तिकडे आपल्या प्रांजलीला बघायला आलेल्या मंडळींवर कूलर नुसती गरम लू फेकत होता. घर फार तापतं, म्हणून मुलाच्या आईने नकार कळवला. ते स्थळ तुमच्या मनातून अजून उतरलं नाही, माहीत आहे मला.

तुमचा,
यशोधन

ता. क. पंप मी काढलाच नव्हता. मी नुसता बघून परत निघालो होतो. प्रांजलीनेच पेचकस आणून तो काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘दादा, आजच ने. चारच्या आत.’ तिला ते स्थळ नको होतं आणि तुमच्यापुढे बोलायची हिंमत नव्हती. मी कसम खाल्ली होती. परवा फोनवर तीच म्हणाली, आता सांगून टाक, नाहीतर तू कधी घरी यायचाच नाहीस.

आणखी एक. मेमध्ये दहा दिवस सुट्टी आहे. येऊ का? रविवारी फोन करीन. बोलायचं नसेल तर उचलून नुसतं गप्प बसा. मागे कूलरचा आवाज आला तरी मी हो समजेन. नवा पंप तीनशे वीसला मिळतो म्हणतात. अर्धा गुन्हा प्रांजलीचा, तेवढे तिच्याकडून घ्या. माझ्याकडून सोबत एकशे साठ रुपये.