एका रकान्यात माऊ

४ जून

चि. बंडूस आशीर्वाद.

माऊचा अर्ज परत आला, म्हणून लिहिते आहे. उपचार केंद्रात जागा हवी असेल तर ‘आजाराचे नाव’ या रकान्यात एकच नाव लागते. माझ्या लेकीच्या फाईलमध्ये तीन आहेत. पहिल्या डॉक्टरांनी ‘अस्थिर व्यक्तिमत्त्व’ लिहिले, दुसऱ्यांनी ‘परावलंबी’, तिसऱ्यांनी ‘मिश्र’ लिहून हात झटकले. दोन नोकऱ्या सोडून पोरगी महिनाभर दार लावून बसली आहे, आणि कारकून म्हणतो, आधी ठरवून या. तू याच विषयातला डॉक्टर. एक नाव कळव. मुदत पंचवीसपर्यंत आहे.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस सा. न.

नाव सांगत नाही, रागावू नकोस. माणसं अशी कप्प्यांत बसत नाहीत. एकीतच दोन-तीन कप्प्यांची लक्षणं निघतात. म्हणून आता आम्ही त्रास किती आणि कशाकशाचा, हे मोजतो. केंद्राच्या डॉक्टरबाईंशी बोललो, त्यांना हे चालेल. सोबत प्रश्नावलीच्या दोन प्रती आहेत, एक तू भर. शून्य म्हणजे त्रास नाही, पाच म्हणजे अतोनात. फक्त गणिताचा पेपर तपासल्यासारखी भरू नकोस. तुझे विद्यार्थी अजून दचकतात.

लोभ आहेच, थोडा माऊवरही असू दे.

बंडू

२२ जून

चि. बंडूस आशीर्वाद.

तुझ्या मोजमापाने घोळ वाढवला. मी जवळजवळ सगळीकडे चार-पाच लिहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतका त्रास असेल तर आमच्याकडे नको, रुग्णालयात दाखल करा. आधी नावाने अडवले, आता आकड्याने.

घरी येऊन तुझा उद्धार करत होते, तोवर माऊने कागद वाचला. तिने विचारले, “आई, यातले किती आकडे तुझ्या रागाचे आहेत?”

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हटले, निम्मे तरी.

तिने कोरी प्रत मागून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरली. बहुतेक ठिकाणी दोन-तीन. फक्त ‘एकटे पडण्याची भीती’ यापुढे पाच. तिथे मी शून्य लिहिले होते. दार ती स्वतःच लावून घेते ना, असा माझा हिशेब.

आज केंद्रात दिले: माझी प्रश्नावली, रागाचे आकडे खोडून आणि प्रत्येक खोडीपाशी सही करून, माऊची प्रश्नावली, तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि अर्ज, त्यात आजाराच्या नावाचा रकाना कोरा. कागद माऊने स्वतः दिले. बाईंनी ठेवून घेतले. पोच माऊपाशी आहे.

ताई