एसीचा सखोल अभ्यास

१० जुलै, रेडमंड, अमेरिका
खिडकीतला जुना एसी आज कायमचा गेला. जाताना इतका खडखडला की हिमानी भूकंप समजून मला न घेताच बाहेर पळाली. बायकोच ती, घाबरली असेल.
दुःख नाही. आता हीट पंप घेणार. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम, वीज कमी, वर टॅक्स क्रेडिट, म्हणजे सरकारकडून करात सूट! ते ३१ डिसेंबरला बंद होतंय, म्हणजे वेळ भरपूर आहे. घाई करणारे फसतात. मी इंजिनिअर आहे. अभ्यास करून घेणार.

२ ऑगस्ट
शेजारच्या प्रसादने हीट पंप बसवलासुद्धा. पहिला कॉन्ट्रॅक्टर आला, त्याने पहिलं मॉडेल दाखवलं, हा हो म्हणाला. कीव आली. पण बोललो नाही. फार बोललो नाही.

११ ऑगस्ट
भयंकर उकाडा. आई सध्या इथे आहे. नागपूरच्या बाईला रेडमंडचं ऊन ते काय, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "अरे देवदत्त, नागपूरला घरात कूलर तरी असतो."
तिला क्रॉस व्हेंटिलेशन समजावलं. मग ओला पंचा दिला.

१२ ऑगस्ट
आई प्रसादकडे राहायला गेली. पिशवी भरून. तात्पुरतंच.

१६ ऑगस्ट
रोज संध्याकाळी प्रसादकडे जातो. आईची भेट होते, मशीनचं निरीक्षणही होतं. आज निरीक्षण करता करता सोफ्यावर झोप लागली. हिमानी उठवायला आली ती तिथेच जेवली. आईने केलेलं भरीत होतं. आमच्याकडे तिने एकदाही केलं नाही.
नोंद: मशीनचा आवाज अजिबात येत नाही.

२८ सप्टेंबर
आई परत गेली. एअरपोर्टवर प्रसादने सोडलं, त्याच्या गाडीत बॅगा मावतात. निघताना त्याला म्हणाली, "लेकासारखं केलंस." मी शेजारीच होतो.

१९ नोव्हेंबर
अभ्यास पूर्ण! प्रसादचंच मॉडेल निघालं. पण त्याला ते नशिबाने मिळालं, मला विचाराने. २२ डिसेंबरला बसवणार. क्रेडिटची मुदत जाईल म्हणून हिमानी उगाच घाबरत होती.

२२ डिसेंबर
माणसं आली आणि बाहेरचं युनिट थेट माझ्या ऑफिसच्या खिडकीखाली ठेवायला लागली. मीटिंगमध्ये आवाज येईल! दुसऱ्या बाजूला हलवायला लावलं. तेवढा लांब पाइप त्यांच्याकडे नव्हता. आता न्यू इयरनंतर येणार.
हिमानीने विचारलं, क्रेडिटचं काय? सांगितलं, पैसे यंदा भरलेत, झालं. तिने कॅलेंडरकडे बघून मान हलवली. पटलं असावं.

६ जानेवारी
बसलं! घर मस्त उबदार. प्रसाद बघायला आला होता. त्याला तीन सूचना केल्या.

७ फेब्रुवारी
टॅक्सवाल्या बाई म्हणतात, पैसे कधी भरले ते नाही, मशीन कधी बसलं ते बघतात. त्यांना नियम पुन्हा वाचायला सांगितला. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच मोठ्याने वाचायला लावला.
क्रेडिट गेलं.
हिमानीने पुन्हा मान हलवली. या वेळी पटलेलं नव्हतं.

८ फेब्रुवारी
व्हिडिओ कॉलवर आईला मशीन दाखवलं. "एवढ्या थंडीत एसी कशाला रे?" म्हणाली. हे गरमही करतं, असं समजावलं. उन्हाळ्यात ये, म्हटलं, आता आपलं घरही गार असेल.
"येते ना," आई म्हणाली. "प्रसादला विचारून ठेव."
विचारलं. लगेच हो म्हणाला.