मसीरा बेटावरची माझी जोरदार साक्ष

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दुपारी ४. मसीराच्या फेरीबोटीवर.

नव्या जीवनाचा पहिला दिवस. (सकाळ सगळी गाडी चालवण्यात गेली, ती धरत नाही.)

नऊ दिवसांचं सेवक-प्रशिक्षण. मस्कतमधल्या आमच्या रुवीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पास्टर प्रेमानंद डिसेंबरात कायमचे संगमनेरला चालले. त्यांच्यामागे मंडळीचा प्रमुख सेवक कोण, हे या शिबिरात ठरणार. मला ते आत्ताच ठाऊक आहे. बाकीच्यांना नऊ दिवसांत कळेल.

आमच्यातून दोनच उमेदवार. मी, आणि किशोरी नावाची नर्सरीची टीचर, जी उपासनेत मागच्या बाकावर बसते आणि गाणंसुद्धा ओठातल्या ओठात म्हणते. म्हणजे एकच उमेदवार.

शेवटच्या दिवशी घरच्यांची संमती लागते. फॉर्मॅलिटी. ललिताने एकोणीस वर्षांत मला कशालाही नाही म्हटलेलं नाही. निघताना तिला सांगितलं, आता तू सेवकाची पत्नी होणार, पुढे येऊन प्रार्थना चालवायची सवय कर. तर म्हणाली, बीपीच्या गोळ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहेत. आध्यात्मिक संभाषण तिला जमत नाही.

संकल्प: रोज पहाटे साडेचारला उठणे. कमी बोलणे (प्रवचन सोडून). इतरांचे दोष न पाहणे. समोरचा माणूस बोट लागून ओकतोय. असल्यांना सेवक व्हायची हौस का असते?

४.४०. मलाही लागली. पण कमी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

उठलो ७.५०. वारा फार होता.

बेट म्हणजे नारळाची झाडं, असं मी अल खौदमधल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगून आलो होतो. इथे दगड, शेळ्या आणि वारा. राहायला भाड्याचं गेस्ट हाउस. त्याची देखभाल बघणारा हुसेन इथलाच, हिंदी छान बोलतो.

वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्यांतून आलेले आम्ही अकरा जण. शिकवणार कोण, तर सिस्टर तृप्ती. वय असेल चौतीस. पूर्वी मिरजेला नर्स होती. मी सत्तेचाळीस वर्षांचा, अल खुवैरमधल्या कंपनीत सीनियर क्वांटिटी सर्व्हेयर, आणि मला ही शिकवणार! नम्रता म्हणून गप्प बसलो.

तिने नियम सांगितले. फोन पेटीत जमा, शेवटच्या दिवशी परत. या देशात आपण पाहुणे आहोत, तेव्हा आवाराबाहेर धर्माविषयी कोणाशी चकार शब्द नाही. आपलं काम आपल्याच माणसांत: आजारी, एकटे, कामगारांच्या कॅम्पात राहणारे. आणि त्यातलं पहिलं कौशल्य म्हणजे ऐकून घेणं. मी विचारलं, मग प्रवचन कितव्या दिवशी? मी तीन तयार आणली आहेत. ती म्हणाली, तुम्ही आज कांदे सोला.

सोलले. सात किलो. डोळे सुजले. किशोरीने आपणहून माझे दोन किलो सोलले. खुशामत करते आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

उठलो ७.१०. प्रगती.

आज साक्षी सुरू झाल्या. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, आपण आधी कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं. माझा रूममेट जिब्रान लाहोरचा, सोहारला ट्रेलर चालवतो. त्याची साक्ष म्हणजे काय सांगू! दारू, अपघात, सात महिने तुरुंग, बायको माहेरी, मग एका रात्रीत पश्चात्ताप. सगळे रडले. मलाही रडू आलं, पण मुख्यतः वेगळ्या कारणाने.

माझी साक्ष आरशासमोर म्हणून पाहिली. नगरचा जन्म, तान्हेपणी बाप्तिस्मा, संडे स्कूलमध्ये पाठांतराची तीन बक्षिसं, दृढीकरण, डिप्लोमा, मस्कत. एक मिनिट पन्नास सेकंद. मला स्वतःलाच जांभई आली.

पणजोबांपासून घर ख्रिस्ती, त्यात आमचे वडील चर्चचे सेक्रेटरी. पाप करायला वावच मिळाला नाही. हा माझ्यावर अन्याय आहे. जिब्रानसारख्यांना रेडीमेड साक्ष मिळते आणि आम्ही जन्मभर सरळ वागून मागच्या रांगेत.

किशोरीची साक्ष अर्धा मिनिट. म्हणाली, मला लोकांसमोर भीती वाटते, तरी उभी राहिले, हीच साक्ष. आणि बसली. हिची मला काळजी वाटते.

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ.

झाली. जोरदार झाली.

सकाळी नीट विचार केला. मी दारू प्यायलो नाही, हा केवळ योगायोग आहे. प्यायलो असतो तर वाईटच प्यायलो असतो, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा जे झालं असतं ते सांगणं म्हणजे थाप नव्हे. बांधकामाच्या मालाची क्वांटिटी काढतानासुद्धा आपण थोडं वाढवूनच धरतो.

रुवीतल्या एका हॉटेलच्या बारपासून सुरुवात केली. आत कधी गेलेलो नाही, त्यामुळे दरवाजाचं वर्णन जास्त झालं. लोक ऐकत होते, पण जिब्रानच्या वेळी होते तसे नाही. एक जण घड्याळ बघताना दिसला. तेव्हा ते वाक्य आपोआप तोंडातून आलं, की घरी येऊन मी बायकोला मारायचो.

घड्याळवाल्याने मान वर केली.

मग थांबता येईना. ताट भिरकावलं, लेक कोपऱ्यात रडायची, सगळं सगळं. शेवटी गुडघे टेकले. इथवर हिंदी होतं, पण क्षमायाचना मी मराठीतच केली. ललिता, मी तुझा अपराधी आहे, तू इतकी वर्षं गिळलंस, मी पाहिलं नाही, मला क्षमा कर. खरोखर हुंदका आला. सगळे रडले. किशोरी तर उठून बाहेर गेली.

सिस्टर तृप्तीने साक्ष रेकॉर्ड केली होती. मी म्हटलं, ही आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवा, लोकांना आशीर्वाद होईल. तिने दोनदा विचारलं, तुमच्या पत्नीची हरकत नाही ना? मी म्हटलं, ती माझ्या शब्दाबाहेर नाही. तिने माझ्याकडे फार वेळ बघितलं. भारावली होती.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

परिणाम दिसू लागला.

कांद्याच्या ड्यूटीवरून मला काढलं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्याच आता कुलपात ठेवल्या आहेत. मोठ्या जबाबदारीच्या माणसाकडून असली कामं करून घेऊ नयेत, हे उशिरा का होईना लक्षात आलं. माझ्या बॅगेतलं खोकल्याचं औषधही सिस्टरने नेलं. मला खोकला नाही, हे तिला दिसलं असणार. नर्स ती नर्सच.

जिब्रान सावलीसारखा मागे आहे. बाथरूमच्या बाहेरही उभा राहतो. दर दोन तासांनी विचारतो, भाईसाहब, तलब तो नहीं लग रही? मी म्हटलं, प्रार्थनेची लागते. त्याने माझा हात घट्ट धरला. पहिला शिष्य.

जेवताना मी ज्या टेबलाशी बसतो तिथल्या बायका उठून जातात. इतका आदर बरा नव्हे. सांगायला हवं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

सिस्टर तृप्तीने एकट्याला बोलावून दीड तास प्रश्न विचारले. किती वर्षं? हाताने की वस्तूने? शेवटचं कधी? लेकीच्या अंगाला कधी हात लावलात? मी ठामपणे म्हटलं, लेकीला नाही. कुठेतरी मर्यादा हवी. बाकी तपशील पुरवले. तिने चार पानं भरून लिहून घेतलं. निवड समितीसाठी असावं.

शेवटी म्हणाली, तुमच्या पत्नीला मी स्वतः फोन केला होता. साक्ष त्यांनी ऐकली आहे. मी विचारलं, काय म्हणाली? तर एवढंच म्हणाल्या, की शुक्रवारी येते.

ललिता आनंदाने गप्पच होते. म्हणजे होत असावी.

दुपारी जेवलो नाही. डाळ आंबट होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

उठलो ३.३०. झोप अशी लागलीच नाही. संकल्प पुरा झाला, हे महत्त्वाचं.

खरं काय ते सिस्टरला सांगून टाकावं का? नीट विचार केला. खरं बोलायलाही वेळ पाहावी लागते. आत्ता सांगितलं तर लोकांच्या श्रद्धेला धक्का बसेल. निवड झाल्यावर, जानेवारीत एखाद्या प्रवचनात दाखला म्हणून सांगता येईल.

सकाळी किनाऱ्यावर प्रवचनाची तालीम केली. शेळ्या थांबून ऐकत होत्या. हुसेन गाडीतून उतरला, मला वाटलं, चहाला बोलावतोय. त्याने हात पुढे केला नाही. म्हणाला, जिब्रानने मला विचारलं, की इथे सुऱ्यांची पेटी आणखी कुठे लपवता येईल, तेव्हा कळलं. औरत पे हाथ? ऐब है, ऐब. मी म्हटलं, पण मी आता बदललो आहे. तो म्हणाला, ते तू नाही सांगायचं, तिने सांगायचं. आणि गेला.

आवाराबाहेर असं काही बोलायचं नाही हा नियम आहे. जिब्रानची तक्रार करावी लागणार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सकाळी १०.

काल लिहिलं नाही. हात थरथरत होता. जिब्रान म्हणाला, दारू सोडली की चौथ्या-पाचव्या दिवशी असं होतंच, आणि रात्रभर माझे पाय चेपत बसला. फार चांगला माणूस आहे. त्याची तक्रार करणार नाही.

फोन परत मिळाला. दोनशे बारा मेसेज. अभिनंदनाचेच असणार.

१०.२५. नाहीत.

मंडळीतल्या बायका आठवडाभर पाळीपाळीने ललिताला डबा देतायत. एकीने तिला आपल्याकडे राहायला ये म्हणून खोली रिकामी केली आहे. ऑफिसातल्या आशुतोषने लिहिलंय, हे खरं असेल तर यापुढे मला लिफ्ट मागू नकोस. आणि आमची अंतरा, अकरावीत आहे, तिला मराठी लिहिता येत नाही तरी तिने मराठीत लिहिलंय. पप्पा, तू आईला कधी मारला? मला का नाही आठवत?

या मेसेजला काय उत्तर द्यायचं? बोट अकराला लागते.

संध्याकाळ ६.

ललिता उतरली. निळी साडी. सगळ्या बायका धावल्या, गळ्यात पडल्या. किशोरीने तिची पिशवी घेतली. माझ्यात आणि तिच्यात कोणी ना कोणी उभं होतंच. अंतरा माझ्याकडे बघत नव्हती.

सभेत, त्याच बोटीने आलेल्या पास्टर प्रेमानंदांनी तिला विचारलं, बाई, न घाबरता सांगा, तुमची संमती आहे का?

ती उठली. लोकांसमोर ती कधी बोलत नाही. म्हणाली, यांनी दारूला कधी हात लावलेला नाही. नाताळच्या केकमध्ये रम आहे म्हटलं तरी यांना गरगरतं. माझ्यावर यांनी कधी हात उचललेला नाही. हे सगळं यांनी रचलं. कोणी हसलं नाही. कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं.

मला वाटलं, संपलं. ती बसली नाही.

म्हणाली, मी ते रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. शेवटचा भाग. यांना इतकी चांगली माफी मागता येते, हे मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी श्रीरामपूरला माझी आई शेवटची घटका मोजत होती. मी म्हटलं, जाते. हे म्हणाले, नाताळचं नाटक होऊ दे, कपडेपट तुझ्याकडे आहे, मी दिग्दर्शक आहे, हेरोद राजाही मीच आहे, असं मध्येच कसं सोडून जातेस. मी थांबले. मुकुटांना चमकी लावत बसले. आई गेली. त्यावर हे मला आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत. जे केलं नाही त्याची माफी यांनी गुडघे टेकून मागितली. तुम्ही सगळे रडलात. मीही रडले.

मग पास्टरना म्हणाली, संमतीचं तुम्ही मला विचारू नका. आणि बसली.

निवड: किशोरी.

सिस्टर तृप्तीने खोकल्याचं औषध परत आणून दिलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर. अल खौद, घरी.

बोटीतून उतरल्यापासून घरापर्यंत साडेपाच तास. अंतरा मागे, कानात हेडफोन. ललिता समोर बघत. मी मनात माफी तयार करत होतो. वाटेतल्या सिनाव गावापर्यंत सुरुवात उत्तम जमली होती. पुढे दोन दाखले सुचले. मग लक्षात आलं, की सुरुवात रविवारच्याच साक्षीतली आहे. ती खोडली. मग काही उरेना. एकदा गाडी बाजूला घेतली. ललिताने विचारलं, टायर आहे का? मी म्हटलं, नाही, सहज. पुन्हा निघालो.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ललिता. तिने वळून पाहिलं. थांबली. हातातलं काम ठेवून थांबली. आणि माझ्या तोंडून निघालं, चहा टाकतेस का?

तिने टाकला. एकच कप. तो घेऊन ती बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं.

बोलून जमत नाही तर लिहून द्यावं, म्हणून वही घेऊन बसलो. सासूबाई गेल्या ती तारीख वर लिहून सुरुवात करायची होती. नाटक शुक्रवारी होतं, तेवीस डिसेंबर, साडेसहा वाजता, हे मला पाठ आहे. सासूबाई त्याच्या आदल्या दिवशी गेल्या की दोन दिवस आधी, आठवत नाही. अर्धा तास झाला, आठवत नाही.

ललिताला विचारावं लागेल.