सळीफिरव्या हे नाव कुणाला द्यायचं

मी, अ‍ॅम्ब्रोज पिम, वय सोळा, राहणार सॉमरसेटातल्या हवेलीचा भटारखाना, चुलीच्या डाव्या अंगाला. डोकं ठिकाणावर आहे, फक्त एक गाल भाजलाय. अक्षरं जेमतेम आली आणि शाळा सुटली, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. उद्या मला कुत्र्याच्या चाकात चढवणार आहेत. वाचेन असं वाटत नाही. म्हणून एका हाताने आगीवरची मांस भाजायची सळी फिरवत हे लिहून ठेवतोय.

माझे चामडी हातमोजे आईला. आगीपुढे धरायची ओल्या गवताची ढाल आचारी हम्फ्रीकाकांना. तोंड लपवायला त्यांना लागेल.

आता नावाचं. मी आलो तेव्हा काका दिवसभर ओरडायचे, "सळी फिरव रे, सळी फिरव!" ओरडून ओरडून दोन शब्दांचा एक झाला, आणि ‘सळीफिरव्या’ मलाच चिकटलं. खरं नाव कुणी विचारलं नाही, मी लाजून सांगितलं नाही. मग भिंतीवर सळी फिरवणारं चाक बसवलं, आत धावायला कुत्रा आणला. एक दिवस तो, एक दिवस मी. काम तेच, म्हणून नावही तेच. हाक आली की दोघं धावायचो. हाड त्याला, शिवी मला.

गेल्या हिवाळ्यात तो मेला. गावात निरोप गेला, "सळीफिरव्या गेला." आई कफन घेऊन रडत आली. मला बघून किंचाळली, मग कानाखाली वाजवली. "मेल्या, जिवंत आहेस तर कळवायचं नाही?"

त्या कफनावर परवा नवी कुत्री व्याली. ते पिल्लांखालून ओढू नका, मला गोणपाट चालेल. पण ती बाळंतीण, आणि उद्या मायकलमासच्या सणाची मेजवानी. म्हणून चाकात मी. मी म्हटलं, "मावणार नाही हो." काका म्हणाले, "कुत्रा कधी कुरकुरला का?"

सळीफिरव्या हे नाव थोरल्या पिल्लाला, कायमचं. माझ्या दगडावर बाप्तिस्म्याचं नाव लिहा. बाकी काही नको.

साक्षीदार: धोबीण मार्जरीबाई, यांची फुली. हम्फ्रीकाका, यांचा तुपकट अंगठा.

अंगठा देण्याआधी काकांनी हे माझ्याकडून वाचून घेतलं. मग विचारलं, "हा अ‍ॅम्ब्रोज कोण रे?"

"मी."

माझ्या हातातली सळी थांबली.

"अ‍ॅम्ब्रोज," काका म्हणाले, "बदक जळतंय बाळा. फिरव."

सही: अ‍ॅम्ब्रोज पिम
भटारखाना, मायकलमासचा आदला दिवस, सन १६१२