छोट्या टाकीची अट

मी, मंदाकिनी यज्ञेश्वर सोवनी, वय एकोणसत्तर, भूगोलाची सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार नारायण पेठ, पुणे, दुपारची झोप झाल्यावर, चष्मा लावून आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणण्याचा प्रयत्न यजमानांनी आणि चिरंजीवांनी आपापल्या परीने केला, पण दोघांनाही बाहेरच्या खोलीत बसवून मी दार लावून घेतले आहे.

लिहिण्यास कारण की, येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, आम्ही हे रोज करतो." ते रोज करत असतील, मी पहिल्यांदाच करून घेते आहे. मला भीती वाटते. ती एकदा लिहून टाकली की पुढचे अक्षर नीट येईल, म्हणून इथेच लिहिली.

कलम १. राहता फ्लॅट आम्हा दोघांच्या नावे आहे. त्यातील माझा निम्मा हिस्सा यजमान श्री. यज्ञेश्वर यांना आणि त्यांच्यानंतर मुलगा श्याम याला मिळावा. गॅलरीला काचा लावून तिची खोली करू नये. आमच्या इमारतीत सगळ्यांनी केली आणि आता सगळे विचारतात, वारा कुठे गेला.

कलम २. बँकेतील ठेवी बापलेकांनी सारख्या वाटून घ्याव्यात. भांडण व्हावे इतक्या त्या नाहीत.

कलम ३. पाटल्या आणि मोहनमाळ सूनबाईला. मोडून नव्या घडणीचे काही केले तरी माझी हरकत नाही. असती तरी तेव्हा कोण ऐकणार.

कलम ४. भिंतीवरचे नकाशे आणि मोठा अ‍ॅटलास माझ्या शाळेला. अट एकच, ते मुलांच्या हाताला लागले पाहिजेत. कुलपात ठेवलेला नकाशा आणि न नेसलेला शालू, दोन्ही शेवटी कसरीच्याच पोटात जातात.

कलम ५. माझे पांढरे हेल्मेट थोरल्या जाऊबाई सौ. प्रेमला सोवनी यांना. श्यामच्या साखरपुड्यात त्यांनी चारचौघांत विचारले होते, "मंदा, या वयात नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर हिंडणं शोभतं का गं?" पाहुण्यांच्या भिडेने मी तेव्हा गप्प बसले. उत्तर आता देते. जाऊबाई, फार शोभतं. हेल्मेट घालून एकदा आरशात पाहावे आणि भावजींना गाडी काढायला सांगावी.

कलम ६. मोटरसायकल. हे कलम लांबले आहे. वकीलसाहेबांनी आटोपशीर करा म्हणून सांगितले, पण ते कधी मागच्या सीटवर बसलेले नाहीत.

यजमान एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात होते. २००२ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जन्मभर दाबून ठेवलेली हौस उसळून वर आली. गाडी घ्यायची तर क्रूझरच. म्हणजे बुटकी, लांबलचक, सीट खाली, हँडल वर, पाय पुढे पसरून संस्थानिकासारखे बसायचे. पैसे मी घातले, म्हणून गाडी माझ्या नावावर आहे आणि म्हणूनच हे कलम मी लिहू शकते.

गाडीची मूळ टाकी थेंबाच्या आकाराची, आठ लिटरची. तिच्यामुळे खालचे इंजिन पूर्ण दिसायचे आणि गाडी मोठी देखणी वाटायची. पण दोघे आणि सामान घेऊन दोनशे किलोमीटर गेलो, की पंप शोधावा लागे. मला ते सोयीचे होते. यांना अपमान वाटे. "क्रूझर म्हणजे निघायचं ते पोचायचं," हे म्हणायचे. "मध्ये मध्ये थांबते ती पीएमटीची बस."

मग यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि बावीस लिटरची टाकी काढली. पुणे ते पणजी, मध्ये पंपाचे तोंड पाहायचे नाही, असा हिशेब. नाना पेठेतल्या मकबूल तांबोळींनी पत्रा ठोकून ती घडवली. मकबूलभाई कागद उलटासुलटा करून म्हणाले, "साहेब, ही गाडीवर बसवायची का गच्चीवर?" हे हसले नाहीत.

टाकी पुढे वाढवता येत नव्हती, कारण हँडल वळायला जागा हवी. म्हणून ती मागे वाढली. चालकाची सीट मागे सरकली आणि तिने माझ्या सीटची चार बोटे खाल्ली. टाकी रुंद झाली म्हणून यांचे गुडघे फाकले. उंच झाली म्हणून पेट्रोलचे वजन वर चढले आणि भरली गाडी वळणावर डुलू लागली. इंजिन तर दिसेनासेच झाले. मी हे सगळे तेव्हाच बोलले. उत्तर मिळाले, "मंदा, कुठल्याही डिझाइनमध्ये काहीतरी सोडावंच लागतं." दर वेळी ते मागच्या सीटवरच्या माणसानेच का सोडायचे, हे मात्र त्या ड्रॉइंगवर कुठे लिहिलेले नव्हते.

पहिल्याच सहलीत पणजीला न भरता परतीचाही बराच रस्ता काटून दाखवतो, असा यांनी पण केला. परतताना निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटात गाडी आचके देऊन बंद पडली. हे खाली उतरले, झाकण उघडले, आत डोकावले आणि म्हणाले, "शक्य नाही. पेट्रोल आहे."

होतेच. ही टाकी मधल्या दांड्यावर खोगिरासारखी बसते आणि दोन्ही बाजूंना खाली उतरते. इंजिनाकडे पेट्रोल सोडणारा कॉक डाव्या बाजूला. उजवीकडचे पेट्रोल मधला उंचवटा ओलांडून डावीकडे येणार कसे? म्हणून दोन्ही बाजू खालून एका नळीने जोडतात. मकबूलभाईंनी ती सुचवली होती. यांनी काढायला लावली, कारण ती दिसायला बरी नव्हती. दिसण्यासाठी यांनी केलेली ही एकमेव तडजोड, आणि तीसुद्धा नेमकी चुकीच्या जागी.

उपाय एकच उरला. गाडी डावीकडे आडवी करायची, म्हणजे उजवीकडचे पेट्रोल घरंगळत डावीकडे येईल. मी पदर खोचला, खालून हँडल तोलले, हे वरून गाडी कलती करत होते. उसाचा ट्रक घेऊन चाललेला एक ड्रायव्हर वेग कमी करून म्हणाला, "मावशी, गाडीला निजवताय व्हय?" मी म्हटले, "हो. तिची झाली की यांची पाळी." तेवढ्यावर गाडी निपाणीच्या पंपापर्यंत पोचली.

पुढे ती नळी बसली. पण माझे भांडण नळीशी नव्हतेच, थांबण्याशी होते. पुरुषांना रस्त्याकडेचे झाड पुरते, बाईमाणसाला पुरत नाही. कंबर धरते. भूक लागते. यांना तर साखरेचा आजार, वेळेवर खाल्ले नाही की हात कापतात. आणि तरी मी खांद्यावर दोनदा थोपटले की उत्तर एकच, "पुढच्या पंपावर." छोटी टाकी असली की पुढचा पंप यायचा. मोठी असली की तो यायचाच नाही. म्हणून मी तह केला. छोटी टाकी मकबूलभाईंकडे मोडीत जाणार होती, ती परत आणली. दर खंडेनवमीला पूजेआधी टाकी बदलायची, एक वर्ष यांची, एक वर्ष माझी. इतकी वर्षे हा तह दोन्ही पक्षांनी पाळला आहे. दोन राष्ट्रांना जमत नाही ते नारायण पेठेत जमले.

येत्या खंडेनवमीला मोठीची पाळी आहे. गेल्या वर्षी ती शेवटची भरली तेव्हाची गोष्ट. पार्किंगमध्ये यांनी गाडी स्टँडवरून काढली आणि ती वरच्या वजनाने कलली. यांना सावरली नाही. शेजाऱ्यांची स्कूटर आणि यांची नडगी, दोन्ही सोलून निघाल्या. मला सांगितले, मांजर आडवे गेले. आमच्या इमारतीत मांजर नाही.

श्यामला हे कळले तेव्हापासून त्याने विकण्याचा लकडा लावला आहे. "आई, बाबा सेव्हंटी-थ्रीचे आहेत. उद्या रिस्क कोण घेणार?" मी म्हटले, "अरे, तुझे बाबा घेतील. तुला कुठे मागितली आहे?" तो चिडतो ते काळजीने चिडतो, हे मला कळते. पण गाडी विकली की हे सकाळी पेपर उघडतील, संध्याकाळी तोच पेपर मिटतील, आणि श्यामला वाटेल की बाबा सुरक्षित आहेत.

सबब माझ्या पश्चात गाडी यजमानांची राहील. अट एवढीच की, तिला छोटी टाकीच असावी. खंडेनवमीचा तह माझ्याबरोबर संपेल. भरली छोटी टाकी यांना एकट्याला पेलते, ते मी पाहिले आहे. पण खरे कारण दुसरे आहे. माझ्यानंतर यांच्या खांद्यावर थोपटायला कोणी नसेल. बावीस लिटर दिले तर हे जेवणखाण विसरून जात राहतील, आणि थांबा म्हणणारे कोणी नाही हे यांना थेट पणजीला कळेल. आता यांना थांबवण्याचे काम मी टाकीवर सोपवत आहे. ती माझ्यापेक्षा ठाम आहे.

कलम ७. मोठी टाकी दिवाणखान्यात भिंतीवर टांगावी. शोभेची वस्तू म्हणून तिच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी श्यामला नेमते. ज्याला गाडी विकायची आहे त्यालाच राखायला देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे वकीलसाहेब म्हणाले. त्यांना श्याम ठाऊक नाही. सही केलेल्या कागदापुढे तो कधी जात नाही.

सहावे कलम मी यांना आत बोलावून वाचून दाखवले. कायद्याने गरज नव्हती, पण यांच्या पाठीमागे मी आजवर फक्त गाडीवर बसले आहे. हे शेवटपर्यंत ऐकत होते. मला वाटले, आता बावीस लिटरची बाजू मांडतील. यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात ठेवला.

"छोटी तर छोटी," हे म्हणाले. "दोनशे किलोमीटरला थांबेन. पण थांबलो की मी दोन चहा सांगतो. तोंडातून दोनच निघतं आता, एक म्हणताच येत नाही. तो दुसरा समोर आला की त्याचं काय करायचं, ते लिहिलंयस का कुठे?"

फ्लॅट, ठेवी, पाटल्या, दोन्ही टाक्या, सगळ्यांची व्यवस्था मी लावली होती. त्या चहाची काही लावता येईना. मग पुढील कलम घातले, आणि ते वरच्या सर्व कलमांच्या आधी वाचावे.

कलम ८. हे मृत्युपत्र सोमवारी लागू होऊ नये, अशी माझी तीव्र इच्छा आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी माझ्या अक्षरात लिहिले असून साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व मी त्यांना.

सही: मंदाकिनी यज्ञेश्वर सोवनी

साक्षीदार:
१. मकबूल इब्राहिम तांबोळी, नाना पेठ, पुणे
२. गोपाळकृष्ण मेहेंदळे, शेजारी, नारायण पेठ, पुणे

स्थळ: पुणे
दिनांक: २० ऑगस्ट २०१६, शनिवार