रुमालाखालचा हात

माय, काकू परवा गेली. लातूरला तिच्या मातीला जाऊन आले आणि आता औशाला घरी बसून तुला लिहितेय. तू मरेपर्यंत तुम्ही दोघी जावा एकमेकींशी बोलला नाहीत. त्याचं खरं कारण ना तुला कळलं, ना तिला. ते मला ठाऊक आहे.

बांगलादेशच्या लढाईचं ते वर्ष. अप्पा पलटणीत, काका कंबर धरून अंथरुणावर, आणि ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली. मी सात वर्षांची. तू तिफण हाकतेस, काकू चाड्यावर मूठ धरून बी सोडते आणि बांधावरून जाणारे तोंडात बोटं घालतात. बाईनं तिफण हाकली की रान रुसतं म्हणे. तुम्ही दोघी मात्र पदर खोचून हसताय. तुला एवढं मोठ्यानं हसताना मी त्याच हंगामात पाहिलं. मध्येच एक बैल बसला तो उठलाच नाही, तेव्हा तू मला घेऊन अहमदपूरच्या जनावरांच्या बाजाराला गेलीस. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो आणि त्याखाली बोटं धरून सौदा होतो. तुला बघून दलाल मागं सरकला. “परक्या बाईचा हात कसा धरू, बाई? घरचं गडीमाणूस आणा.” तू म्हणालीस, “गडीमाणूस सरहद्दीवर हाय. तोवर हात माझाच हाय, घ्या.” गळ्यातल्या लिंगाला शिवून तू तोच हात रुमालाखाली घातलास. भोवती ही गर्दी, आणि तू फक्त बैलाकडं बघत होतीस. परतताना मी सगळा रस्ता तुझ्याकडं बघत आले. घरी येऊन तू ते फक्त काकूला सांगितलंस.

अप्पा धडधाकट परतले. गावानं हार घालून वाजतगाजत घरी आणलं. तुम्ही रान पेरलंत त्याचा हार कुणी आणला नाही, आणि तुम्हालाही तसं काही वाटलं नसावं. चार दिवसांनी अप्पांनी मला मांडीवर घेऊन विचारलं, “नवा बैल कुणी आणला गं?” माझी छाती फुगली. त्यांचाच पंचा त्यांच्या हातावर टाकून खालून मी त्यांची बोटं धरली. “असं केलं मायनं.” अप्पांचा हात बराच वेळ पंच्याखाली तसाच राहिला.

त्यांनी तुला मारलं नाही. पुढच्या बाजाराला बैल विकून आले आणि म्हणाले, “लढाई सरली. आता उंबऱ्याच्या आत ऱ्हायचं.” गरज सरो, वैद्य मरो. तू पुन्हा रानात गेली नाहीस. सातबाऱ्यावर तर तुझं नाव कधी लागलंच नाही. आज इथं औशाच्या रस्त्यावर पोरी फौजेच्या भरतीसाठी पळतात, लोक थांबून कौतुक करतात. मला कौतुक वाटतं, पण त्याहून धास्ती जास्त वाटते.

आता खरं सांगते. चुलीपुढं तू मला विचारलं होतंस, “कुणी सांगितलं गं त्यास्नी? काकूनं?” मला तुझी भीती वाटली आणि मी मान हलवली. हो म्हणून. त्याच आठवड्यात घरात दोन चुली झाल्या. काकू दारात उभी राहून रडत होती, “अक्का, म्या न्हाई बोलले, लिंगाची आण,” आणि तू पाठ फिरवून भाकरी थापत होतीस. तुला हसवणारी तेवढी एकच बाई होती, माय. ती मी तोडली.

शेवटी दवाखान्यात मी काकूपाशी आठवडाभर बसले. रोज ठरवायचे, आज सांगायचं. एक दिवस तिनंच विचारलं, “तुझ्या अप्पाला कुणी सांगितलं असंल गं? मला अजून कळलं न्हाई.” मी तिला चमच्यानं पाणी पाजलं आणि म्हणाले, “जाऊ दे काकू, लई वर्सं झाली.”

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तू असतीस तर मी ते लिहिलंच नसतं.