लहान खोलीतला पंखा

६ एप्रिल

ठरलं. पंखा बदलायचा. आमच्या खोलीतला हा खटारा अठरा वर्षं कुरकुरतोय — पाचावर विमान, दोनावर गोगलगाय, मधलं काही नाहीच. मला पाच लागतो. ह्यांचं अंग पाचावर दुखतं. म्हणून ऑगस्टात उशी उचलून लहान खोलीत गेले ते गेलेच. "तिथला पंखा बेताचा आहे," म्हणाले. आठ महिने झाले. नवराबायकोची एका घरात दोन बिऱ्हाडं, ती पण पंख्यापायी!

मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. मलाही स्वाभिमान आहे. पण मला हे परत हवेत. इथं लिहायला लाज कसली, पलंगाची ती बाजू रिकामी बघवत नाही.

दुखणं कळलं की औषध सोपं. चांगला पंखा आणते.

७ एप्रिल

झोपताना ह्यांना सांगायचं ते हल्ली इथं लिहावं लागतं, कारण ऐकायला माणूस खोलीत नाही. तर आज: ओला टॉवेल खुर्चीवर. किल्ली पुन्हा खुंटीवर नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांशी जिन्यात पाऊण तास गप्पा आणि इकडे दूध उतू. निवृत्त झाल्यापासून घर ह्यांच्या ताब्यात आहे, आणि मी कारखान्यातून येऊन बघावं तर रोज दहा गोष्टी.

माझ्या टेबलावरून एक वाकडी शिवण पुढे जात नाही. बावीस वर्षं शर्ट तपासतेय. नजर घरी आल्यावर काढून ठेवता येत नाही ना.

९ एप्रिल

पंखा घेतला. दुकानदाराला दमवलं. आधी दुकानातले बाकीचे सगळे पंखे बंद करायला लावले — आवाज कुणाचा येतोय ते कळायला नको? मग पर्समधून दोरा काढला, पट्टीला बांधला आणि पंख्याखाली धरून बघितला. मधे वारा, कडेला वारा, कोपऱ्यात वारा. दोन पंख्यांखाली दोरा मधेच तेवढा हलला. तिसऱ्याखाली सगळीकडे सारखा. दुकानदार म्हणाला, "ताई, पंखा घेताय की कापड?" म्हटलं, तपासल्याशिवाय मी काहीच घेत नाही. "साहेबांना पण असंच तपासून घेतलंत का?" खूप हसला. मीही हसले.

सहा वेग आहेत. दोन आणि पाचाच्या मधे भरपूर जागा. ह्यांचंही भागेल, माझंही.

१० एप्रिल

ह्यांना रंग विचारला. "तुला आवडेल तो." बरं झालं, पांढरा मी आधीच सांगून आले होते.

१२ एप्रिल, रविवार

वायरमन सकाळी आला. लांब दांडी लावायला निघाला होता. नऊ फुटी छत, लांब दांडी लावली तर शर्ट काढताना ह्यांचे हात तुटायचे! आखूड लावायला लावली. चालू केला तर डुलायला लागला. "नवा आहे, बसेल आपोआप," म्हणे. आपोआप काही बसत नसतं. बंद करायला लावला, छतापासून प्रत्येक पात्याचं टोक मोजायला लावलं. एक पातं बोटभर खाली! स्क्रू आवळला, डुलणं थांबलं. वायरमन शिडीवरून उतरताना ह्यांना म्हणाला, "काका, ह्या घरात पंख्यालासुद्धा सरळ फिरावं लागतं." हे नुसते हसले.

शिडी ह्यांनी धरली होती. नीट धरा म्हणून तीनदा सांगावं लागलं.

आवाज अजिबात नाही. तीनवर असा वारा आहे की चादर हलत नाही पण घामही येत नाही. हे वर बघून म्हणाले, "छान फिरतोय." झालं, जिंकले मी.

१३ एप्रिल

उशी घेऊन पुन्हा लहान खोलीत! "तिथल्या वाऱ्याची सवय झालीये गं."

१४ एप्रिल

सवय वाऱ्याची ना? मग वाराच काढून घेते. वायरमनला फोन केला — लहान खोलीतला पंखा सर्व्हिसिंगला म्हणून उतरवून न्या आणि पंधरा दिवस तोंड दाखवू नका. हसला, पण येतो म्हणाला. नाक दाबलं की तोंड उघडतं.

१६ एप्रिल

अर्धी रजा टाकली. हे भाजीला गेलेले. वायरमनने पंख्याची वाटी खाली केली, आत बघितलं आणि मला म्हणाला, "ताई, हा उतरवायचा कशाला? हा फिरतच नाही."

म्हटलं, रोज फिरतो.

"कंडेन्सरच नाहीये यात. काढलाय कुणीतरी. याच्याशिवाय हा नुसता हूं करेल."

बटण दाबून दाखवलं. हूं केलं आणि पाती जागची हलली नाहीत.

मुलाला फोन लावला. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेला तोवर ती खोली त्याची होती. म्हणाला, "अगं, मी निघायच्या आठवड्यात हॉलचा पंखा बंद पडला तेव्हा त्याला लावला ना. बाबांनीच काढला, मी स्टूल धरलं होतं. का गं?"

काही नाही म्हटलं. पंखा होता तिथंच ठेवायला सांगितला. म्हणजे ज्या वाऱ्याची सवय झाली तो वारा नव्हताच. मग तिथं असं काय आहे जे इथं नाही?

१७ एप्रिल

आज माझ्या टेबलावरून एक उसवलेली बाही पुढे गेली. माझ्या लक्षात आली नाही, दुसऱ्या बाईने परत आणून दिली.

१८ एप्रिल

चहा घेताना सरळ विचारलं. ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पंख्याचं काही नव्हतं. तू रोज झोपताना दिवसभराच्या माझ्या चुकांचा पाढा वाचायचीस. मला ते सोसेना. अंग दुखतं म्हणालो, तुला लागू नये म्हणून."

मी म्हटलं, परत या. मी काही बोलणार नाही.

"बघू," म्हणाले.

आठ महिने घामात झोपले, आणि तरी बघू.